सतरा हुंकार

चाळीसगाव
मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

उषाअक्का,

वर आधी 'तीर्थस्वरूप' लिहिलं होतं, मग खोडलं. नऊ वर्षं तोंड न दाखवणाऱ्या धाकट्या बहिणीनं एकदम पाया पडायला वाकू नये. नुसतं अक्का लिहिते.

हे पत्र सुनंदाबाईंच्या हाती देते आहे. त्या आमच्या गल्लीतल्या. धुळ्याला एका दवाखान्यात आया आहेत, रोज सकाळच्या पॅसेंजरनं जातात. भिकनदाजी तिथं ड्रेसिंगला येतात आणि बरोबर तू असतेस, हे त्यांच्याकडूनच कळलं. तुम्हाला कापसाच्या जिनिंगमधल्या कामगारांच्या खोलीतून बाहेर काढलं हेही त्याच म्हणाल्या. फोन करत नाही, कारण सध्या मला फोनची भीती वाटते. अनोळखी नंबर आला की मी फोन उलटा ठेवते. दिवसभर लोकांचे फोन घेण्याची नोकरी करणाऱ्या बाईला हे शोभत नाही, पण तसं झालं आहे खरं.

मुद्द्याचं सांगते. आठ जानेवारीच्या बुधवारी दुपारी तीन वाजता, आमच्या रेडिओ केंद्रावरच्या 'सांग वं माय' कार्यक्रमात एका बाईचा फोन आला. ती म्हणाली, की नवलशेठच्या जिनिंगमध्ये तिच्या माणसाचा उजवा हात मशीनच्या रोलरमध्ये गेला आणि चार बोटं गेली. मशीन थांबवायचं बटण महिनाभर बिघडलेलं होतं, सांगूनही कुणी दुरुस्त केलं नाही. आणि माणसाला दवाखान्यात नेण्याआधी शेठच्या लोकांनी कागद तयार केला, की हा पिऊन कामावर आला होता. ती बाई तू होतीस, हे मला नंतर रेकॉर्डिंग ऐकताना कळलं.

काल नवलशेठच्या वकिलाची नोटीस आली. अकरा पानं. केंद्र चालवणाऱ्या संस्थेला एक आणि माझ्या नावानं वेगळी एक. बदनामी केली म्हणतात. ती बाई बोलली ते बोलली, पण निवेदिका ज्योत्स्ना पाटील यांनी तिच्या विधानांना सतरा वेळा दुजोरा दिला, असं त्यात आहे. खाली तक्ता जोडला आहे. तीन वाजून सात मिनिटं बारा सेकंद, 'हां माय'. तीन वाजून सात मिनिटं वीस सेकंद, 'खरं शे'. तीन वाजून आठ मिनिटं, 'हां वं, खरं शे'. असे सतरा. माझे हुंकार मी पहिल्यांदाच छापलेले पाहिले, अक्का.

आता तूच सांग. आपल्याकडे बाई आपलं दुःख सांगायला बसली, की समोरचीनं हुंकारा द्यायचा, ही रीतच आहे. दिला नाही तर सांगणारीला वाटतं, आपण भिंतीशी बोलतोय. ओट्यावर बसलेली बाई 'खरं शे' म्हणते तेव्हा ती काय पंचनामा करून आलेली असते? पण हे त्या वकिलाला कोण सांगणार? त्याची बायको बोलते तेव्हा तो गप्प बसून राहत असावा.

त्यांचं म्हणणं असं. तीस दिवसांत, त्याच कार्यक्रमात, त्याच वेळी, मी माफीनामा वाचायचा. त्या बाईची विधानं खोटी होती असं म्हणायचं. नाही वाचला तर फौजदारी खटला. दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते असं नोटिशीतच लिहिलं आहे, आणि ते वाक्य मी इतक्या वेळा वाचलं आहे, की आता डोळे मिटले तरी दिसतं.

तुझ्याकडे दवाखान्याचे कागद असतील. दाजी प्यालेले नव्हते असं कुठं लिहिलेलं असेल तर त्याची झेरॉक्स सुनंदाबाईंकडे दे. बाकी काही मागत नाही. तू यावंस, बोलावंस, असं काही नाही. नुसते कागद.

तुझी
ज्योत्स्ना


चाळीसगाव
गुरुवार, २० फेब्रुवारी

अक्का,

नऊ दिवस झाले. सुनंदाबाई म्हणतात, तू पत्र घेतलंस, घडी घालून पिशवीत ठेवलंस आणि दाजींच्या केसपेपरचा नंबर लागला म्हणून उठून गेलीस. काही बोलली नाहीस. मी त्यांना तीन तीनदा विचारलं, तोंडावर राग होता का? त्या म्हणाल्या, नव्हता. रडू होतं का? तेही नव्हतं. मग काय होतं, तर म्हणे, थकलेली दिसत होती.

इथं काय चाललं आहे ते सांगते, म्हणजे मी तुझ्या मागे का लागले ते तुला कळेल.

रविवारी घरी एक माणूस आला. पांढरा शर्ट, हातात केळ्यांची फणी. नाव रुपचंद, नवलशेठच्या जिनिंगचा मॅनेजर. फैजपूरकडून येतोय, तिकडची केळी आणली म्हणाला. योगेंद्रनी त्याला बसवलं. हे तुला ठाऊक नसेल, माझे मिस्टर संस्थेच्याच शाळेत शिक्षक आहेत, त्यामुळे घरी आलेल्या कुणालाही ते आधी बसा म्हणतात. रुपचंदनं चहा घेतला. केस, नोटीस असा एक शब्द काढला नाही. आमची लेक जळगावला कॉलेजात आहे, ते त्याला ठाऊक होतं. कुठल्या होस्टेलवर राहते तेही. "शनिवारनी गाडीवर येस ना ताई ती?" असं त्यानं अगदी घरच्यासारखं विचारलं. मी हो म्हणाले. तोंडातून निघून गेलं, अक्का. हुंकारा देण्याची सवय वाईट.

तो गेल्यावर मी लेकीला फोन करून सांगितलं, या शनिवारी येऊ नकोस. का, तर काही नाही, घराला रंग देतोय. रंग कसला आणि काय कसला. केळी तशीच पडून काळी झाली. टाकायलाही हात होईना आणि खायलाही.

योगेंद्र म्हणतात, वाच माफी आणि मोकळी हो. एक कागद वाचायचा, दोन मिनिटांचं काम. संस्थेचे लोकही तेच म्हणतात. केंद्राचा परवाना जाईल अशी त्यांना धास्ती आहे. सगळे माझ्याशी इतकं हळू बोलतात, की मला आजारी असल्यासारखं वाटतं.

हसशील, पण मी एक पिशवी भरून ठेवली आहे. दोन साड्या, टॉवेल, बीपीच्या गोळ्या, चष्म्याचं दुसरं घर. कपाटाखाली सरकवून ठेवली आहे. एकदम न्यायला आले तर शोधाशोध नको. योगेंद्रना ती सापडली तेव्हा ते आधी हसले आणि मग बाहेर जाऊन उभे राहिले.

कागद पाठव गं. नुसता केसपेपर पाठव.

ज्योत्स्ना


चाळीसगाव
मंगळवार, ४ मार्च

अक्का,

काल धुळ्याला येऊन गेले. तुझ्या गावात आले आणि तुला न भेटता परत गेले. पॅसेंजरच्या खिडकीतून तुमचं जिनिंग दिसलं, कापसाचा ढीग गेटबाहेरपर्यंत आला होता. मी पदर तोंडावर घेतला. कोण ओळखणार होतं मला तिथं? रेडिओवरच्या बाईचं तोंड कुणी पाहिलेलं नसतं. तरी घेतला.

तिथं वकील केली आहे. दिपमाला नाव आहे, आपल्या लेकीच्या वयाची वाटते, पण डोकं शाबूत आहे. तिनं नोटीस वाचली, रेकॉर्डिंग ऐकलं, आणि म्हणाली, "ताई, त्यांना तुम्ही नकोच आहात. त्यांना तुमचा माफीनामा हवा आहे."

मला कळेना. मग तिनं समजावून सांगितलं. भिकनदाजींनी भरपाईचा दावा लावला आहे, तो कामगार कोर्टात चालू आहे. तो पिऊन आला होता, हे शेठला तिथं टिकवायचं आहे. साक्ष द्यायला जिनिंगमधला कुणी तयार नाही, ना इकडून ना तिकडून. अशा वेळी ज्या रेडिओवर ही गोष्ट गावभर झाली, त्याच रेडिओनं 'ती बाई खोटं बोलली' असं म्हटलं, की तो कागद तिथं नेऊन ठेवायचा. म्हणून तुझ्यावर केस केली नाही, माझ्यावर केली. तुझ्याकडे घाबरण्यासारखं काही उरलेलं नाही. माझ्याकडे आहे.

दिपमालानं माझ्यापुढे दोन रस्ते ठेवले. माफी वाचली तर माझी केस इथंच संपते. नाही वाचली तर खटला, धुळ्याला तारखा, दोन-चार वर्षं कशी जातील कळणार नाही. शिक्षा होईलच असं नाही, असं ती म्हणाली. होणारच नाही असं मात्र म्हणाली नाही. मी तिला विचारलं, धुळ्याच्या जेलमध्ये बायकांना चष्मा लावू देतात का? ती पोर हसली आणि मग माझ्याकडे बघून हसायची थांबली.

एक प्रश्न तिनं फार खोदून विचारला. आमच्या स्टुडिओत भिंतीवर नियम लिहिलेला आहे: कुणी नाव घेतलं, की बटण खाली ओढायचं आणि गाणं लावायचं. पाच वर्षांत मी तो नियम एकदाही मोडलेला नाही. सासूचं नाव घेतलं तरी मी फोन कापते, असं म्हणून बायका मला चिडवतात. मग त्या दिवशी नवलशेठचं नाव आलं तरी सहा मिनिटं लाईन चालू कशी राहिली? मी म्हणाले, लक्षात आलं नाही. तिनं ते लिहून घेतलं.

संस्थेची बैठक झाली. ठरलं आहे. बारा मार्चच्या बुधवारी, तीन वाजता. मजकूर त्यांच्याच वकिलानं पाठवला आहे, एक शब्द बदलायचा नाही. 'दिनांक ८ जानेवारी रोजी एका अज्ञात महिलेने केलेली विधाने पूर्णतः खोटी, निराधार व द्वेषबुद्धीने केलेली होती.' पुढं आणखी आहे. मी घरी वाचून पाहिलं. एक मिनिट पन्नास सेकंद लागतात.

तू ऐकू नकोस. एवढ्यासाठीच हे पत्र. बुधवारी तीन वाजता मोबाईलवरचा रेडिओ बंद करून ठेव, दाजींनाही ऐकू देऊ नकोस. मला माहीत आहे की दाजी कधी प्यायले नाहीत. सगळ्या गल्लीला माहीत आहे. तुमच्या लग्नाच्या वेळी नानांनी मुलीचा बाप म्हणून त्यांच्यात शंभर खोडी काढल्या, जात काढली, गरिबी काढली, पण दारू कुणाला काढता आली नाही. हे मला माहीत आहे आणि तरीही मी वाचणार आहे. मला एक लेक आहे. माझं काळीज आईनं दिलेलं नाही, नानांच्या धाकानं दिलेलं आहे. मोठा आवाज झाला की ते खाली बसतं.

मला माफ कर असं लिहीत नाही. लिहिलं तर ते आणखी एक माफीपत्र होईल, आणि सध्या माझ्याकडे तेवढंच एक पुष्कळ आहे.

ज्योत्स्ना


चाळीसगाव
सोमवार, १० मार्च

अक्का,

सुनंदाबाई आज गाडीवरून उतरून थेट आमच्याकडे आल्या. चपलाही काढल्या नाहीत, दारातूनच सांगितलं. तुझा निरोप होता, आणि तुझ्याच बोलीत सांगायचा म्हणून त्या वाटभर घोकत आल्या होत्या.

"तिले सांगजो, मी रेडिओले फोन नव्हता करेल. तिले करेल व्हता. मन्हा आवाज तिनी वळखा, मंग नाव का बरं नही लिधं? आते नाव लेवानं व्हई ते ले म्हना."

मी त्यांना पाणी दिलं.

आता खरं सांगते. पहिल्या पत्रात मी लिहिलं की रेकॉर्डिंग ऐकताना तुझा आवाज ओळखला. ते खोटं आहे. तू 'हालो, ऐकू येस का वं' म्हणालीस. 'हालो' म्हणताना तू आईसारखा 'हा' लांबवतेस. मला त्याच क्षणी कळलं. आणि मी काय म्हणाले? 'बोल माय, कोन्ता गावनी शे तू?' सख्ख्या बहिणीला गाव विचारलं. तूही मग गाव सांगितलंस, परक्या बाईला सांगावं तसं. मी तुला ओळख दिली नाही, आणि तू ती मागितली नाहीस.

दिपमालाला मी म्हणाले, नाव आलेलं लक्षात आलं नाही. तेही खोटं. तू 'नवलशेठ' म्हणालीस तेव्हा माझं बोट बटणावर होतं. सवयीनं गेलं होतं. ओढायचं फक्त राहिलं होतं. पण मी ते ओढू शकले नाही. नऊ वर्षांनी तू बोलत होतीस आणि तुझं बोलणं कापायचं माझ्याच्यानं झालं नाही. मी हुंकार देत राहिले. रेडिओवर बसून बहिणीला दुसरं काय देणार होते? 'हां माय' म्हणताना मला म्हणायचं होतं 'हां अक्का'. सतरा वेळा म्हणायचं होतं. नोटिशीतल्या तक्त्यात सेकंदासकट लिहिलं आहे, पण त्या वकिलाला ते कळण्याचं कारण नाही.

आणि आईचं. ते एकदा लिहूनच टाकते. नऊ वर्षांपूर्वी आई गेली त्या सकाळी तुझा नंबर माझ्या फोनमध्ये होता. नाना म्हणाले, तिला कळवायचं नाही, ती आली तर मी घाटावर येणार नाही. मी फोन हातात धरून मोरीत जाऊन उभी राहिले. अर्धा तास उभी होते. नंतर बाहेर आले आणि चुलत्यांना चहा दिला. पंधराव्या दिवशी तू दारात येऊन उभी राहिलीस, कुणी आत ये म्हटलं नाही, तेव्हा मी आतल्या खोलीत दाराआडच होते. तुझ्या बांगड्या ऐकू येत होत्या. मी बाहेर आले नाही. त्याचं कारण एवढंच, की नाना ओट्यावर बसले होते आणि मी त्यांना भ्यायले होते. बायका नंतर म्हणाल्या, ज्योत्स्नाला दुःखानं भान नव्हतं. मी त्यांना तसं म्हणू दिलं.

दोन वर्षांपूर्वी नाना गेले, तेव्हा तुला निरोप पाठवला आणि तू आली नाहीस. मला राग आला होता. आता येत नाही.

बुधवारी काय करणार ते मला ठाऊक नाही. खरंच नाही. माफीनामा टेबलावर आहे, घडी घातलेला. मी त्याच्याकडे बघते आणि रुपचंदची केळी आठवतात. शनिवारची गाडी आठवते. तू 'नाव घे' म्हणतेस ते सोपं आहे का? तुझ्यासाठी सोपं असेल. तू अठरा वर्षांची असताना नानांच्या तोंडावर सांगितलंस, की भिकनशीच लग्न करीन. मी तेव्हा बारा वर्षांची होते आणि पाणी भरायला गेले होते. मी नेहमीच पाणी भरायला गेलेली असते.

ज्यो


चाळीसगाव
गुरुवार, १३ मार्च

अक्का,

ऐकलंस की नाही ते माहीत नाही. ऐकू नको म्हणाले होते, आणि तू माझं कधी ऐकलेलं नाहीस, त्यामुळे ऐकलं असशील. तरी मी माझ्याकडून सांगते, कारण माझ्या बाजूनं काय झालं ते तुला आवाजात कळलं नसेल.

स्टुडिओत मी एकटी नव्हते. संस्थेचे दोघे येऊन बसले होते, एकानं मोबाईलवर रेकॉर्डिंगही लावलं होतं, पुरावा म्हणून. तीन वाजले. मी नमस्कार म्हणाले. मग कागद उघडला. पाणी प्यायले ते माईकमध्ये ऐकू गेलं असणार. वाचायला सुरुवात केली: 'दिनांक ८ जानेवारी रोजी एका अज्ञात महिलेने...'

तिथं थांबले. घरी चार वेळा वाचलं होतं, पण मोठ्यानं 'अज्ञात महिला' म्हटलं आणि पुढचं वाक्य तोंडातून येईना. शेजारचा गृहस्थ कागदावर बोट ठेवून पुढची ओळ दाखवायला लागला. त्याला वाटलं ओळ चुकली.

मग मी कागद बाजूला ठेवला. काय बोलले ते शब्द न् शब्द आठवतं, कारण आज ते संस्थेनं मला टाईप करून दाखवलं आहे. मी म्हणाले, "हाई अज्ञात बाई नही शे. हाई मन्ही मोठी बहिन शे, उषा. मी तिले पहिला शब्दलेच वळखं. माले भ्याव वाटनं म्हनीसन बोलनू नही. आजबी वाटस. पन ती खोटं बोलनी आसं मी म्हनाव नही. मन्हा दाजी कधी दारू पेत नही."

एवढंच. मोठं भाषण नाही. माझा आवाज इतका कापत होता, की ऐकणाऱ्यांना वाटलं असेल यंत्रात बिघाड आहे. शेजारच्यानं हात लांब करून बटण खाली ओढलं आणि गाणं लागलं. अंगाईचं लागलं, बाळ नीज म्हणत होती बाई. मला इतकं हसू आलं, आणि मग हसूचं रडू झालं, ते आवरेना.

धाडस वगैरे काही नाही, अक्का. तसं कुणाला सांगू नकोस. धाडस असतं तर आठ जानेवारीलाच बोलले असते. मी फक्त दुसऱ्यांदा दाराआड उभी राहू शकले नाही. आणि नंतर काय होईल या विचारानं काल संध्याकाळी दोनदा ओकले.

कार्यक्रम बंद केला आहे. मला उद्यापासून येऊ नका सांगितलं. योगेंद्र माझ्याशी बोलत नाहीत. रागावून नाही, त्यांनाही भीती वाटते आहे आणि त्यांच्याकडे ती सांगायला कुणी नाही. लेकीला मी सगळं सांगितलं, केळ्यांपासून. ती म्हणाली, आई, मग मी शनिवारी येतेच. मी नको म्हणाले. ती येणार आहे. तिचं काळीज तुझ्यावर गेलं आहे, आणि मला त्याचीही भीती वाटते.

ज्यो


धुळे, कोर्ट
सोमवार, २५ ऑगस्ट

अक्का,

हे पत्र कोर्टातल्या लांबट व्हरांड्यात बसून लिहिते आहे, लेकीच्या वहीतल्या पानावर. तू समोरच्या बाकावर बसली आहेस. मध्ये दहा पावलांचं अंतर असेल.

दिपमालानं आपल्या दोघींना बजावलं आहे, की बोलायचं नाही. पुढं तुझी साक्ष घ्यायची आहे आणि पलीकडे खांबाला टेकून रुपचंद उभा आहे. बहिणीनं बहिणीला पढवलं, असं म्हणायला त्यांना आवडेल. सुनंदाबाई आज रजा टाकून आल्या आहेत, त्यांच्या हाती हे नंतर तुला देईन. सहा महिन्यांत तुला मी पाच पत्रं पाठवली. तू एकालाही उत्तर लिहिलं नाहीस. आज सकाळी जिन्यावरून तू दाजींना धरून वर येताना दिसलीस आणि मला कळेना, की उठून यावं की पळून जावं. मी बाक घट्ट धरून ठेवला.

तू किती आईसारखी दिसायला लागलीस गं. पदर तसाच कानामागे घेतेस. दाजींचे केस पांढरे झाले. त्यांनी उजवा हात रुमालात गुंडाळून मांडीवर ठेवला आहे, आणि तू मघाशी पाण्याच्या बाटलीचं बूच उघडून त्यांच्या डाव्या हातात दिलंस. मी सगळं बघते आहे. तू माझ्याकडे एकदाच पाहिलंस. नंतर पाहिलं नाहीस. दिपमालानं बोलू नका म्हटलं होतं, बघू नका असं म्हटलं नव्हतं.

आज फक्त पहिली तारीख आहे. न्यायाधीश आरोप वाचून दाखवतील आणि विचारतील, गुन्हा कबूल आहे का? मी 'नाही' म्हणायचं. एक शब्द. रात्रीपासून पाठ करते आहे. मला भीती अशी आहे, की ते काही विचारतील आणि माझ्या तोंडून सवयीनं हो निघून जाईल. योगेंद्र शेजारी बसले आहेत. त्यांनी आज शाळेतून सुट्टी काढली, मी विचारलं नव्हतं. पिशवी मी बरोबर आणली आहे, चष्म्याच्या घरासकट. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली आणि स्वतःच्या मांडीवर ठेवली.

तुमच्या दाव्याचं काय होईल, माझं काय होईल, कुणाला माहीत नाही. हे सरलं की तू माझ्याशी बोलशील का, हेही मला माहीत नाही. तू दाजींसाठी आली असशील. साक्षीचं काम म्हणून आली असशील. तसं असलं तरी चालेल. तू समोर बसली आहेस आणि मी दाराआड नाही, एवढं आजच्यापुरतं मला

आतून शिपायानं पुकारा केला. नाव माझंच आहे. दिपमाला हात करते आहे, योगेंद्र पिशवी घेऊन उठलेत. मी अजून बसूनच आहे, आणि समोर तू उठून उभी राहिली आहेस.